शिकाऊ तलावाचा गॅस हीटर: धुळे, हिवाळा २०२५-२६ च्या प्रकल्प नोंदी

२७ ऑक्टोबर २०२५

दिवाळी आटोपली, मोजमाप सुरू. देवपूर भागातला मुलांचा शिकाऊ तलाव, उघड्यावर. लांबी १२.५ मीटर, रुंदी ६ मीटर, उथळ टोकाला ०.९ आणि खोल टोकाला १.३ मीटर पाणी, सरासरी १.१. म्हणजे ८२.५ घनमीटर, ८२,५०० लिटर. पाण्याचा पृष्ठभाग ७५ चौरस मीटर. दक्षिणेला तीन मजली इमारत असल्याने हिवाळ्यात तलावावर ऊन अकराच्या पुढेच येतं.

उन्हाळ्यात खानदेशात पाणी गार कसं ठेवायचं हा प्रश्न, आणि डिसेंबरात नेमकं उलटं. धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर उतरणं काही नवं नाही. तेव्हा पोरं पाण्यात उतरतात, दहा मिनिटांत ओठ निळे पडतात आणि वर्ग संपतो. मागणी २८ अंशांची आहे.

हिशेब सोपा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी, म्हणजे या तलावाला अंशामागे ८२,५०० किलोकॅलरी. २० वरून २८ वर न्यायचं तर ६,६०,०००. एलपीजीच्या किलोत ढोबळ ११,९०० किलोकॅलरी. हीटरची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर पाण्यात जातात ९,७५० च्या आसपास. म्हणजे पहिल्या तापवणीला नुसत्या पाण्यासाठी ६८ किलो गॅस. रात्रीची गळती वेगळी.

त्या गळतीचा अंदाज घ्यायला गेल्या हिवाळ्यात तलाव रात्री उघडा असतानाचे नोंदवहीतले आकडे पाहिले. गार, निरभ्र रात्री बारा तासांत तीन-साडेतीन अंश सहज जातात. सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनात जाते, मग आकाशाकडे, मग वाऱ्याला. म्हणून ठरवलं की हीटरच्या आधी झाकण. ४०० मायक्रॉनची बुडबुड्यांची शीट, बुडबुडे खाली. शीट नसेल तर हीटर घेऊ नका, असं तलाव समितीला लेखी दिलं आहे.

२९ ऑक्टोबर

आलेल्या कोटेशनमध्ये ४,००,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप, इथे दर तासाचं) हीटर आहे. 'एका रात्रीत पाणी गरम.' खरं आहे, पण तो तासाला साडेआठ किलो गॅस खाईल. तेवढी वाफ येणार कुठून?

१९ किलोच्या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती येते सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेकडून. सलग चालवायचं असेल तर हिवाळ्यात एका सिलिंडरकडून तासाला अर्धा ते पाऊण किलो, यापुढे अपेक्षा ठेवू नये. साडेआठ किलोसाठी बारा-पंधरा सिलिंडर एकाच वेळी लाईनवर हवेत, नाहीतर व्हेपोरायझर (द्रव गॅस तापवून त्याची वाफ करणारं यंत्र) हवा. आणि गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय एका वेळी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. त्यापुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचा (स्फोटक आणि ज्वलनशील मालाच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवाना. शाळकरी मुलांच्या तलावाशेजारी पावणेतीनशे किलो गॅस ठेवायची हौस कुणाला असेल तर त्यांनी वेगळा कंत्राटदार बघावा.

म्हणून उलटीकडून हिशेब केला. १०० किलोच्या आत म्हणजे पाच सिलिंडर, ९५ किलो. पाचही एकाच हेडरवर, म्हणजे सगळ्यांचा गॅस एकत्र करणाऱ्या पाईपवर. दर सिलिंडर ०.६५ किलो धरले तर तासाला सव्वातीन किलो. त्यात बसतो १,५०,००० बीटीयूचा हीटर: ४४ किलोवॅट इनपुट, गॅस ३.२ किलो तासाला, पाण्यात ३१,००० किलोकॅलरी. तलाव तासाला ०.३८ अंश चढेल. हळू आहे, पण रोज दिवसा सहा-सात तास चालवून राखायला पुरतो. हाच मंजूर.

रिकामी सिलिंडर त्याच दिवशी परत पाठवायची आणि भरलेली जास्तीची आणून ठेवायची नाहीत, ही अट एजन्सीच्या पोऱ्यालाही सांगितली. 'दोन एक्स्ट्रा ठेवून जातो' हा त्याचा उपकार इथे चालत नाही.

१ नोव्हेंबर

जागेची पाहणी. पंपरूम जमिनीखाली १.६ मीटर खोल खड्ड्यात आहे, बॅलन्सिंग टँकला लागून. हीटर तिथेच बसवा, पाईप वाचेल, असा आग्रह झाला. स्पष्ट नकार.

एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा उतारावर वाहतो आणि खड्ड्यात साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीची वाट बघत बसतो, आणि पंपरूममध्ये स्टार्टर, काँटॅक्टर, मोटर असं ठिणगीचंच सामान. दुसरं, त्याच खोलीत ॲसिडचे कारबॉय आणि क्लोरीनच्या गोळ्या आहेत. बर्नर त्यांची वाफ हवेबरोबर ओढतो, ज्योतीत तिचं पुन्हा ॲसिड होतं आणि तांब्याच्या नळ्या एका हंगामात चाळणी होतात. तिसरं कार्बन मोनॉक्साईड, ज्याला वास नाही, रंग नाही.

हीटर उघड्यावर, पूर्वेच्या भिंतीपासून सुटा, जमिनीच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या ओट्यावर. वर पत्र्याचं छप्पर नको. पाऊस लागतो म्हणून नंतर कुणीतरी पत्रा टाकतंच, म्हणून ओट्याच्या नकाशावरच 'वर छत नाही' लिहून ठेवलं. धुराडं चेंजिंग रूमच्या खिडकीपासून ३ मीटर लांब येतं. खिडकी-दारापासून आडवं १.२ मीटर हे कमीत कमी असतं, इथे जागा आहे तर जास्त घेतलं.

सिलिंडरचा पिंजरा हीटरपासून ४.५ मीटर, पंपरूमच्या दारापासून ६, उघड्या गटारापासून ३ मीटर. जाळीच्या चारही बाजू, वर हलकं छप्पर, खाली काँक्रीट, बाहेरच्या जमिनीपेक्षा १०० मिलिमीटर उंच.

कुणाला खोलीतच बसवावा लागला तर: बाहेरच्या हवेशी थेट जोडलेली दोन भोकं, एक जमिनीलगत, एक छतालगत, प्रत्येकी दर किलोवॅटला ५५० चौरस मिलिमीटर. ४४ किलोवॅटला २४२ चौरस सेंटिमीटर, तेही जाळी आणि पट्ट्या वजा करून. आणि धुराडं छताच्या वर. खोली जमिनीखाली असेल तर एलपीजीचा विषयच सोडा.

५ नोव्हेंबर

पाणी तपासलं. हा प्रकल्प बिघडला तर इथूनच बिघडेल.

तलाव बोअरच्या पाण्याने भरलेला. काळ्या खडकातलं पाणी, त्यात वर्षभराच्या बाष्पीभवनाने आटलेलं. कॅल्शियम हार्डनेस ६४० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), अल्कलिनिटी (ॲसिड पचवायची पाण्याची ताकद) २४०, पीएच ७.८. लँगेलियर निर्देशांक (पाणी चुना धरेल की धातू खाईल हे सांगणारा आकडा) २८ अंशांना: ७.८ अधिक तापमानाचे ०.७, कॅल्शियमचे २.४, अल्कलिनिटीचे २.४, वजा १२.१. उत्तर अधिक १.२. शून्याच्या आसपास, फार तर ०.३ पर्यंत हवा. हे पाणी थंड असताना टाईल्सवर पांढरी रेघ काढतं. तापलेल्या तांब्याच्या नळीत आत चुना धरेल. घरच्या बंबाच्या बुडाशी जो थर दिसतो तोच. थर बसला की नळी तापते पण पाणी तापत नाही, केटलीसारखा खळखळ आवाज येतो आणि नळी फुटते. मग दोष हीटरच्या माथी.

धरणाचं पाणी तपासलं: हार्डनेस १४०, अल्कलिनिटी ११०. तलावातलं दोन तृतीयांशाहून थोडं जास्त पाणी काढून हे भरलं की मिश्रण ३०० आणि १५० च्या आसपास येतं. काढायचं पाणी ५६,००० लिटर, बदली १०,००० लिटरचे साडेपाच टँकर. पाणी गटारात सोडायचं नाही. चार दिवस क्लोरीन बंद ठेवून, शून्य झाल्याची खात्री करून शेजारच्या झाडांना.

अल्कलिनिटी १५० वरून १०० वर आणायला ॲसिड: या तलावाला दर १० पीपीएमला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक सुमारे १.६ लिटर. एकूण ८ लिटर, दिवसाला दीड-दोन लिटरपेक्षा जास्त नाही. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड, आणि पंप चालू असताना खोल टोकाला फिरत ओतायचं. स्किमरमध्ये (तलावाच्या काठाशी पृष्ठभागाचं पाणी पंपाकडे ओढणारं तोंड) ओतलं की ते पहिल्या फेरीत थेट हीटरमधून जाईल.

१२ तारखेची तपासणी इथेच जोडून: हार्डनेस ३००, अल्कलिनिटी १००, पीएच ७.४, निर्देशांक ०.१.

१० नोव्हेंबर

हीटर आला. खोका उघडल्यावर पहिलं काम प्लेट वाचायचं. प्लेटवर नैसर्गिक गॅस. मागणी एलपीजीची होती.

दिसायला दोन्ही हीटर एकसारखे. फरक जेटच्या (बर्नरमध्ये गॅस सोडणारी तोटी) भोकात आणि गॅस व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये. नैसर्गिक गॅसच्या हीटरमध्ये बर्नरवरचा दाब १० मिलिबार आणि भोक मोठं, एलपीजीत दाब २५ मिलिबार आणि भोक बारीक. मोठ्या भोकातून एलपीजी सोडला तर ठरल्याच्या दुपटीहून जास्त गॅस जळायला जातो, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी, काजळी, आणि आग बर्नरच्या पुढच्या झाकणातून बाहेर. 'दाब कमी करून चालवू' हा फिटरचा तोडगा धोकादायक. पुरवठादाराकडून त्याच मॉडेलचा एलपीजी संच मागवला: जेट, स्प्रिंग, नवी प्लेट. तीनही लागल्याशिवाय गॅस जोडायचा नाही. १४ ला आला, लागला.

उंचीची दुरुस्ती इथे नाही. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. ६०० मीटरच्या वर गेलं की जेट बदलावे लागतात. हाच हीटर तोरणमाळला, १,१५० मीटरवर, बसवला असता तर क्षमता १५ टक्क्यांच्या आसपास कमी धरावी लागली असती.

१५ नोव्हेंबर

पाण्याची जोडणी. क्रम: पंप, वाळूचा फिल्टर, हीटर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह अडवणारा), मग क्लोरीन फीडर, मग तलाव. क्लोरीन हीटरच्या आधी दिलं की तांबं खातं. फीडर हीटरनंतर असूनही नॉन-रिटर्न लागतो, कारण पंप बंद झाल्यावर गोळ्यांचं तीव्र पाणी मागे सरकतं आणि रात्रभर नळ्यांत बसतं. सकाळी तलावात हिरवट झाक दिसली तर ते शेवाळ असेलच असं नाही, विरघळलेलं तांबं असू शकतं.

हीटरच्या दोन्ही तोंडांना १.५ मीटर सी-पीव्हीसी (उष्णता सोसणारा पीव्हीसी), मग साधा पीव्हीसी. साधा पाईप थेट जोडला की पंप थांबल्यावर उरलेल्या धगीने मऊ पडतो आणि जोड सुटतो. दोन्ही बाजूंना युनियन, तीन व्हॉल्व्हचा बायपास (हीटर टाळून पाणी नेणारी वाट), आणि आत-बाहेर एकेक डायल थर्मामीटर. फिटरने थर्मामीटर 'शोभेचे' म्हणून यादीतून काढले होते, परत घातले. ते का, ते १२ डिसेंबरच्या नोंदीत.

प्रवाह: पूर्ण तलाव सहा तासांत फिरायचा तर १३.७५ घनमीटर तासाला, २२९ लिटर मिनिटाला. प्लेटवर किमान ११५ दिलाय, म्हणजे सगळं पाणी हीटरमधून जाऊ दे, बायपास बंद. तापमानाचा फरक यायला हवा २.२ ते २.३ अंश.

रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब फार वाढला की आपोआप उघडणारा) आणि हीटरच्या मध्ये कोणताही कॉक नाही. त्याची नळी खाली ओट्याकडे वळवलेली.

१८ नोव्हेंबर

गॅस लाईन. पाच पिगटेल (सिलिंडर हेडरला जोडणाऱ्या लवचिक नळ्या), आयएस ९५७३ चा, म्हणजे एलपीजीच्या रबरी नळीच्या भारतीय मानकाचा छाप आणि तारीख पाहून. प्रत्येकाला नॉन-रिटर्न, म्हणजे एक सिलिंडर बदलताना बाकीच्यांचा गॅस बाहेर येणार नाही. हेडरवर पहिला रेग्युलेटर: सिलिंडरचा दाब ०.७ बारवर. तिथून एक इंची सीमलेस पाईप भिंतीवर उघडा, पिवळा रंग, दर २ मीटरला क्लॅम्प. जमिनीतून नेला नाही, कारण गंजलेला दिसत नाही. हीटरजवळ दुसरा रेग्युलेटर: ०.७ बार वरून ३२ मिलिबार. मग हाताशी बॉल व्हॉल्व्ह, युनियन, आणि खाली ७५ मिलिमीटरचा आंधळा तुकडा, ज्याला गाळ-नळी म्हणतात. आपल्याकडच्या एलपीजीतून तेलकट काळपट अंश येतो, तो गॅस व्हॉल्व्हऐवजी इथे बसावा म्हणून.

दोन टप्प्यांऐवजी एकच रेग्युलेटर लावला तर लांब लाईनमध्ये दाब पडतो. घरगुती रेग्युलेटर पाच लावून काम भागवलेलंही पाहण्यात आहे. पाचांचा दाब सारखा नसतो, एक जास्त देतो, बाकीचे बंद पडतात.

चाचणी: हीटर आणि त्याचा कॉक सोडवून, तोंड बुचाने बंद करून, पहिल्या रेग्युलेटरनंतरच्या लाईनला नायट्रोजनने १.५ बार, २४ तास. हीटर जोडलेला ठेवून हा दाब दिला की गॅस व्हॉल्व्हचा पडदा फाटतो. तो जेमतेम ३५ मिलिबारपर्यंतच्या कामाचा. सकाळच्या आणि दुपारच्या काट्यात थोडा फरक उन्हामुळे येतो, म्हणून दोन्ही दिवशी सकाळी सातलाच वाचला. पहिल्या रात्री ०.१ उतरला. साबणाच्या पाण्याने दुसऱ्या एल्बोवर बुडबुडे. उघडून पुन्हा भरला. दुसऱ्या रात्री हलला नाही. काडी पेटवून गळती बघायची पद्धत अजून आहे. इथे ती दिसली तर काम थांबेल.

पिंजऱ्यात आणि पंपरूमच्या खड्ड्यात गॅस डिटेक्टर, जमिनीपासून २०० मिलिमीटरवर. छताला लावलेला डिटेक्टर एलपीजीसाठी निरुपयोगी.

२० नोव्हेंबर

वीज. पंप चालू नसेल तर हीटरला वीजच मिळणार नाही, असा इंटरलॉक काँटॅक्टरमधून. टायमरला दुसरा संपर्क: पंप थांबायच्या २० मिनिटं आधी हीटर बंद. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). हीटरचं अंग, शिडी, रेलिंग, पंपाचं अंग १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि अर्थपिटला जोडलं. हीटरमधला व्होल्टेजचा प्लग १२० वर होता, २४० वर केला. हे न बघता चालू केला असता तर ट्रान्सफॉर्मर पहिल्याच मिनिटाला जळाला असता.

फेज-न्यूट्रल उलट नाही ना, अर्थ खरा आहे ना, दोन्ही मोजलं. ज्योत आहे की नाही हे हीटर ज्योतीतून जाणाऱ्या सूक्ष्म करंटवरून ओळखतो. अर्थ ढिला असेल तर ज्योत डोळ्यांसमोर जळत असूनही त्याला दिसत नाही आणि तो सात-आठ सेकंदांत गॅस बंद करतो. मग लोक गॅस व्हॉल्व्ह बदलत बसतात.

२२ नोव्हेंबर

पहिली पेटवणी, सकाळी १०. तलावावर कुणी नाही. दोन डीसीपी (कोरड्या पावडरचे) फायर एक्स्टिंग्विशर, ९ किलोचे, एक पिंजऱ्याजवळ, एक हीटरपासून ५ मीटरवर.

पंप १० मिनिटं चालवून हवा काढली. वाकून जमिनीलगत वास घेतला, उभ्याने नाही. मग सिलिंडरचे व्हॉल्व्ह हळू. दुसऱ्या रेग्युलेटरनंतर मॅनोमीटर (गॅसचा दाब मोजायचं साधन): बंद असताना ३४ मिलिबार, पेटल्यावर ३१. बर्नरवर २५. पहिले दोन प्रयत्न लाईनमधल्या हवेमुळे फुकट गेले. प्रत्येक प्रयत्नानंतर पाच मिनिटं थांबलो. लागोपाठ बटण दाबत राहिलं की आत गॅस साचतो आणि पेटतो तेव्हा 'धप्' असा आवाज येतो, सोबत भुवया जातात.

ज्योत निळी, टोकाला किंचित पिवळसर. ठीक. धुरात कार्बन मोनॉक्साईड ६० पीपीएम.

अर्ध्या तासात हीटरखाली पाणी ठिबकायला लागलं. गळती नाही. २०.८ अंशांचं गार पाणी आत जात असताना धुरातली वाफ नळ्यांवर निवते. दोन तासांत थांबलं. पाणी पंचवीसच्या वर गेल्यावरही ठिबकत राहिलं असतं तर मात्र उघडून बघावं लागलं असतं.

२५ नोव्हेंबर

तापवणीचे चार दिवस, दिवसा १० ते ५, रात्री शीट:

२२ ला २०.८ वरून २३.८, सकाळी २२.७. २३ ला २५.७, सकाळी २४.५. २४ ला २७.४, सकाळी २६.२. आज अडीच वाजता २८. एकूण साडेपंचवीस तास, ८१ किलो गॅस. कागदावर ६१ निघत होता. वरचे २० शीटखालूनही निसटले. २७ ची नोंद इथेच जोडून: एक रात्र मुद्दाम शीट न टाकता पाहिली, ३.४ अंश गेले. म्हणजे शीट रोज दोन अंशांहून जास्त, सुमारे १९ किलो गॅस, एक अख्खं सिलिंडर वाचवते.

शीटचा धोका: अर्धी गुंडाळलेली शीट असताना कुणालाही पाण्यात सोडायचं नाही. मूल तिच्याखाली गेलं तर वरून दिसत नाही. पूर्ण काढायची, मगच शिट्टी.

४ डिसेंबर

पहाटे ५.४० ला हीटर लॉकआऊट, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद. पहाटे साडेचारला चालू केला होता, कारण सहाच्या बॅचला पाणी 'अजून थोडं गरम' हवं होतं. हवा ८ अंश. पाचही सिलिंडरवर खालच्या तिसऱ्या भागापर्यंत पांढरं दव गोठलेलं. दुसऱ्या रेग्युलेटरनंतर दाब २२ मिलिबार, पहिल्या रेग्युलेटरच्या अलीकडेच कमी.

गॅस संपला म्हणून सिलिंडर बदलायला घेतले होते. वजन केलं तर प्रत्येकात सहा-सात किलो शिल्लक. कारण दोन. द्रवाची पातळी खाली गेली की तो टेकलेला पत्रा कमी होतो, उष्णता कमी मिळते. आणि एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. वाफ होताना प्रोपेन आधी निघून जातो, तळाशी उरतो तो जास्त करून ब्युटेन, आणि गोठत्या पत्र्यात तो जागचा हलत नाही. सिलिंडर भरलेला दिसतो, दाब देत नाही.

त्यावर उकळत्या पाण्याची बादली तयारच होती. थांबवली. हॉटेलांच्या मागच्या बाजूला सिलिंडर गरम पाण्याच्या टबात उभे दिसतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. पत्रा एकीकडून तापतो, दाब किती चढला हे कुणाला कळत नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर गॅस तिथेच पसरतो. आडवा करणं त्याहून वाईट: द्रव थेट रेग्युलेटरमध्ये.

उपाय साधा, वेळ बदलणे. हीटर फक्त १०.३० ते ५. संध्याकाळी २८.८ पर्यंत नेऊन शीट टाकायची. सकाळी सहाला २७.६ मिळतं. टायमरच्या पहाटेच्या खुंट्या काढून टाकल्या. लावता येतील अशा ठेवल्या की कुणीतरी लावतंच.

१२ डिसेंबर

आत-बाहेरच्या थर्मामीटरमधला फरक २.३ वरून ३.७ झाला. हीटर जास्त तापवत नाही, पाणी कमी येतंय. ३१,००० भागिले ३.७ म्हणजे तासाला ८,४०० लिटर, मिनिटाला १४०. किमान ११५ च्या जवळ. फिल्टरचा काटा ०.८ वरून १.४ बारवर. बॅकवॉश केला (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून गाळ काढला), फरक पुन्हा २.३. दीडशे-दोनशे रुपयांच्या या दोन काट्यांनी फ्लोमीटरचं काम केलं. नियम: फरक ३ ला पोचला की बॅकवॉश, हीटर आधी बंद करून, दहा मिनिटं पाणी फिरवून मगच.

१९ डिसेंबर

ज्योत पिवळी, धुराड्याच्या तोंडावर काजळी. दाब ठीक, जेट ठीक. खालच्या हवेच्या पट्ट्या काढल्या तर आत पांढरी गादी. कापसाची रुई. शेजारच्या रस्त्याने जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांतून उडालेली, नेमकी हीटरच्याच हंगामात. हवा कमी पडत होती. बर्नर ब्रशने, नळ्या बाहेरून मऊ ब्रशने साफ. कोरड्या काजळीवर हवेचा झोत मारायचा नाही, ती पेट घेऊ शकते. धुरात मोनॉक्साईड साफ करण्याआधी ३१०, नंतर ७०. आठवड्याला पट्ट्या पुसणे हे पाळीच्या कामात टाकलं. बारीक जाळी लावायची सूचना नाकारली: ती रुईने अजून लवकर भरेल.

६ जानेवारी २०२६

दुपारी २.१० ला लाईट गेली. पंप आणि हीटर एकदम बंद. जनरेटर येईपर्यंत ४० सेकंद. सी-पीव्हीसीवर हात ठेवला तर चटका बसला, जोड मात्र शाबूत. पंप आल्यावर हीटर तीन मिनिटांनी आला, विलंबाच्या रिलेमुळे. रिलेशिवाय दोन्ही एकदम आले असते आणि प्रवाह नीट सुरू व्हायच्या आतच बर्नर पेटून नळ्यांत उकळायला आलेलं पाणी आणखी तापलं असतं.

१८ जानेवारी

हिशेब. सगळ्यात गार पंधरवड्यात रोज साडेतीन ते चार तास, ११ ते १३ किलो. महिन्याला अठरा-वीस सिलिंडर. व्यावसायिक सिलिंडरचा भाव महिन्याच्या १ तारखेला बदलतो, म्हणून समितीला रुपयांत नाही, किलोत अंदाज दिला.

पिंजऱ्यावरचा फलक नव्याने रंगवला, कारण आधीचा कुणी वाचत नव्हतं. आता चारच ओळी: गॅसचा वास आला तर कोणतंही बटण दाबू नका, चालूही नाही, बंदही नाही. सिलिंडरचे पाचही व्हॉल्व्ह बंद करा. मुलांना पश्चिमेच्या फाटकातून बाहेर काढा. फोन फाटकाबाहेर गेल्यावर करा.

'बंदही नाही' हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. बंद करतानाही ठिणगी पडते.

२४ फेब्रुवारी

हंगाम संपला. दुपारी हवा ३४ अंश, पाणी हीटरशिवाय २६. सिलिंडर सोडून एजन्सीला परत, हेडरला बुच. गाळ-नळीतून चमचाभर काळपट तेल निघालं. पिगटेलच्या तारखा वहीत लिहिल्या. हीटरमधलं पाणी काढलं, बायपास उघडला, म्हणजे उन्हाळाभर क्लोरीनचं पाणी तांब्यातून जाणार नाही. एक नळी उघडून पाहिली: नखाने खरवडता येईल इतकी पातळ पांढरी झाक, थर नाही. नवीन पाणी भरताना बोअरचा वाटा एक तृतीयांशच ठेवायचा.

धुराड्यावर पत्र्याची टोपी, त्यावर लाल रंगात 'पेटवण्यापूर्वी काढा'. टोपीची किल्ली हीटरच्या वीजस्विचच्या कुलपाला अडकवली आहे.